चारशे फॉर्म भरण्याच्या आधी

पत्र : मी समाजशास्त्रात पीएच.डी. करीत असून ‘ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा त्यांच्या पाल्यांच्या शिक्षणावर होणारा परिणाम : बीड जिल्ह्याचा समाजशास्त्रीय अभ्यास’ हा माझा विषय आहे. आठ गावांतून प्रत्येकी ५० याप्रमाणे ४०० पालकांकडून प्रश्नावली भरून घ्यावी, असे मार्गदर्शकांनी सांगितले आहे. प्रश्नावलीत ६२ प्रश्न आहेत. मी तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे हे काम जानेवारीत करण्याचे ठरवले आहे. गेल्या श्रावणात पूर्वचाचणी म्हणून ३० फॉर्म भरले, तेव्हा २७ पालकांनी ‘मुले नियमित शाळेत जातात’ असे सांगितले. ते खरे नाही हे मला माहीत आहे, कारण मी याच भागातली आहे. विभागातील एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतात की आकडेवारीशिवाय संशोधन होत नाही. दुसरे म्हणतात की वीस चांगल्या मुलाखती पुरेशा आहेत. मी संख्यात्मक पद्धत घ्यावी की गुणात्मक? माझे मामा मुकादम (ऊसतोड मजुरांची टोळी जमवणारे) आहेत, ते सर्व कुटुंबांशी ओळख करून देण्यास तयार आहेत. त्यांची मदत घ्यावी का? आणि पैसे घेऊन माहितीचे विश्लेषण करून देणारे आहेत, त्यांच्याकडून ते करून घेतले तर चालेल का?
— एक संशोधक विद्यार्थिनी, तालुका केज

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची ओळ तुम्ही अडचण म्हणून लिहिली आहे. ३० पैकी २७ पालकांनी खरे नसलेले उत्तर दिले आणि ते खरे नाही हे तुम्ही ओळखले. बाहेरून आलेल्या एखाद्या संशोधकाने हीच उत्तरे संगणकात भरून ‘९० टक्के ऊसतोड कामगारांची मुले नियमित शाळेत जातात’ असा निष्कर्ष प्रबंधात छापला असता आणि तो तक्ता पाहणाऱ्याला निर्दोष वाटला असता. तुम्ही तेथे थांबलात, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

संख्यात्मक की गुणात्मक, हा प्रश्न तुम्ही पहिला विचारला असला तरी त्याचा क्रम शेवटचा आहे. आधी ठरवायचे असते ते, आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे हे. तुमच्या शीर्षकात निदान तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. किती मुले आई-वडिलांबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणी, जातात आणि किती गावात राहतात, हा मोजणीचा प्रश्न आहे; त्याला सर्वेक्षण लागते. फडावर गेल्यामुळेच मूल अभ्यासात मागे पडते का, हा कारणाचा प्रश्न आहे. त्याला तुलना लागते आणि ती तुलना आधी विचार करून रचावी लागते. कोणते लेकरू न्यायचे आणि कोणते आजीजवळ ठेवायचे हे घरात कसे ठरते, हा तिसरा प्रश्न आहे. त्याला माणसांबरोबर बसणे, पुन्हा पुन्हा बोलणे आणि पाहणे लागते. कोणत्या पुराव्याने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळेल याची जी मांडणी, तिला संशोधन आराखडा म्हणतात; प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण ही त्या आराखड्यातील साधने आहेत. आराखडा न करता ४०० फॉर्म छापणे म्हणजे पाणी कुठे लागेल हे न पाहता बोअरची गाडी दारात बोलावणे होय, आणि त्याचा खर्च किती येतो हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही.

शीर्षकातील ‘परिणाम’ हा शब्द सर्वांत जड आहे. तो लिहिला की परीक्षक तुम्हाला विचारू शकतात : कशाच्या तुलनेत परिणाम? ऊसतोड कामगारांच्या मुलांची गुणपत्रके गावातील इतर मुलांच्या गुणपत्रकांशी ताडून पाहिली आणि ती कमी निघाली, तर तो स्थलांतराचा परिणाम ठरत नाही. जी कुटुंबे कोयता उचलतात ती आधीपासूनच कोरडवाहू, अल्पभूधारक किंवा भूमिहीन असतात. अनेकांच्या डोक्यावर उचलीचे, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचे, कर्ज असते, आई-वडिलांचे शिक्षण थोडे असते. ही कुटुंबे कधीच गाव सोडून गेली नसती, तरी त्यांच्या मुलांचे गुण कदाचित कमीच राहिले असते. गरिबीचा परिणाम आणि स्थलांतराचा परिणाम वेगळे करता आले नाहीत, तर ४०० काय, ४,००० फॉर्म भरूनही तुमचा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहील.

आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण या बाबतीत फार शिकवणारे आहे. ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ महिला कामगारांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हे प्रमाण जवळपास १७ टक्के पडते. एवढा आकडा वाचून मन सुन्न होते, पण संशोधकाला तेथे थांबून चालत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये देशभरात हे प्रमाण ३.२ टक्के होते, हे कळल्यावर १७ या आकड्याला अर्थ येतो. तरीसुद्धा दोन्ही ठिकाणचे वयोगट सारखे आहेत का, त्याच गावात राहणाऱ्या पण ऊसतोडीला न जाणाऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण किती आहे, हे प्रश्न उरतातच. आणि हे का घडते याचे उत्तर तर कोणत्याच टक्केवारीत नव्हते. एक दिवस काम चुकले की पडणारा खाडा (दंड), फडावर शौचालय आणि पाणी नसणे, पाळीच्या दिवसांतले हाल, कॅन्सर होईल अशी घातलेली भीती, हे सगळे त्या बायकांनी स्वतः बोलून सांगितले तेव्हा समजले. आकडा नसता तर हा एखाद-दुसऱ्या गावाचा किस्सा म्हणून बाजूला पडला असता, आणि बायकांचे बोलणे नसते तर आकडा मुका राहिला असता. तुमच्या विभागातील दोन्ही प्राध्यापकांपैकी एकाची बाजू घ्यावी असे मला वाटत नाही, त्याचे कारण हे आहे.

आता जानेवारीविषयी बोलतो, कारण ती योजना मला सर्वांत धोक्याची वाटते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पट्टा पडेपर्यंत (कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत), म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, माणसे सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात असतात. जानेवारीत तुम्ही केज, धारूर किंवा वडवणी तालुक्यातील एखाद्या तांड्यावर गेलात, तर दारांना कुलपे असतील आणि ओट्यावर म्हातारी माणसे बसलेली असतील. त्या दिवशी जे पालक भेटतील ते, या हंगामात न गेलेले पालक असतील. ज्यांचा अभ्यास करायचा तेच नमुन्यातून गळून पडतील आणि तरीही ४०० ही संख्या पूर्ण भरेल. हे मी पुस्तकातून सांगत नाही. उमेदीच्या काळात मी स्वतः डिसेंबर महिन्यात शेतमजुरांच्या कर्जाची पाहणी केली होती आणि कर्ज फारसे नाही असे मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते. ज्यांनी उचल घेतली होती ते सगळे त्या वेळी कारखान्याच्या कार्यक्षेत्रात होते. ते लेखन मला मागे घ्यावे लागले, आणि तेव्हापासून ‘आज या गावात कोण नाही?’ हा प्रश्न मी प्रत्येक गावात पहिल्यांदा विचारतो.

म्हणून यादी पावसाळ्यात करा, माणसे घरी असताना. निवडलेल्या प्रत्येक गावातील सगळी घरे पायी फिरून लिहून काढा. तीनशे उंबऱ्यांचे गाव दोघांना तीन-चार दिवसांत होते. ग्रामपंचायतीकडे ऊसतोड कामगारांच्या नोंदणीची यादी मिळाली तर ती जरूर घ्या, मात्र तिच्यावरच विसंबू नका. ज्यांची कागदपत्रे अपुरी असतात त्यांची नावे कोणत्याही सरकारी यादीत उशिरा चढतात, आणि तुमच्या अभ्यासाला नेमकी तीच घरे हवी आहेत. यादी तयार झाली की तिच्यातून चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून घरे निवडा. निवडलेले घर बंद असेल तर शेजारचे घर घेण्याचा मोह होतो. तो टाळून पुन्हा दोनदा-तीनदा जा, आणि तरीही कोणी भेटले नाही तर ‘भेटले नाही’ अशीच नोंद ठेवा.

यादृच्छिक निवड हा शब्द विद्यार्थ्यांना परका वाटतो, पण आपल्या शेतकऱ्यांना ती कल्पना चांगली ठाऊक आहे. पीक विम्यासाठी पीक कापणी प्रयोग होतो तेव्हा कोणत्या गट क्रमांकातला कोणता तुकडा कापायचा, हे तलाठी किंवा कृषी सहायक आपल्या मर्जीने ठरवू शकत नाही. ते ठरावीक रीतीने, यादृच्छिक संख्या घेऊन ठरवायचे असते. रस्त्याकडेचे, विहिरीजवळचे हिरवेगार रान निवडले तर मंडळाचे उत्पादन फुगेल आणि शेकडो शेतकऱ्यांची भरपाई बुडेल, हे गावातला प्रत्येक जण जाणतो आणि त्यावरून भांडतोही. ही पद्धत देशात रुजवण्यात, १९४० च्या दशकात, पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या संख्याशास्त्रज्ञांचा वाटा फार मोठा होता. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. सहज भेटणाऱ्या पालकांकडून फॉर्म भरून घेणे म्हणजे रस्त्याकडेचे रान कापणे आहे, एवढे लक्षात ठेवले तरी नमुना निवडीवरचे अर्धे प्रकरण समजले.

४०० हा आकडा कुठून आला, हेही पाहू. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरून जे सूत्र मांडतात, त्याचे उत्तर ३८४ येते. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातही मोठ्या लोकसंख्येसाठी हीच संख्या आहे, आणि आपल्याकडे ती वरच्या शेकड्यापर्यंत नेऊन ४०० म्हणण्याची रीत पडली आहे. मात्र हे सूत्र एक गोष्ट गृहीत धरते : ४०० घरे संपूर्ण जिल्ह्यातून, एकमेकांशी संबंध नसलेली अशी, थेट चिठ्ठी टाकून निवडलेली आहेत. तुमची घरे तशी नाहीत. एका गावातील ५० घरांची मुले एकाच शाळेत जातात, त्यांचे गुरुजी एक, एस.टी. एक, हंगामी वसतिगृह (आई-वडील ऊसतोडीला गेले असताना मुलांसाठी चालणारे) असले तर तेही एक. म्हणजे पन्नासाव्या घराने सांगितलेली गोष्ट पहिल्या घरांपेक्षा फारशी नवी नसते. हे साम्य किती, ते मोजण्याचे माप आहे; शून्य म्हणजे साम्य नाही, एक म्हणजे सगळी घरे एकसारखी. उदाहरणादाखल ते ०.१ धरू. मग प्रत्येक गावातील घरांच्या संख्येतून एक वजा करून तिला ०.१ ने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. ५० घरांसाठी हे उत्तर ५.९ येते. ४०० ला ५.९ ने भागले की ६८ उरतात. म्हणजे आठ गावांतील तुमच्या ४०० फॉर्मांचे वजन खऱ्या अर्थाने विखुरलेल्या ६८ फॉर्मांइतकेच आहे. तेच ४०० फॉर्म ४० गावांतून प्रत्येकी १० असे घेतले, तर भाजक १.९ होतो आणि ते वजन सुमारे २१० पर्यंत जाते. छपाईचा खर्च तेवढाच, माहिती तिपटीने अधिक. गावोगावी फिरणे वाढेल, हे खरे आहे. तेवढी पायपीट झेपणार नसेल तर २० गावे आणि प्रत्येकी १५ घरे घ्या. एकूण ३०० फॉर्म होतील, पण ते आठ गावांतील ४०० पेक्षा बळकट असतील. हे गणित कागदावर मांडून मार्गदर्शकांपुढे ठेवा. फॉर्मची संख्या कमी केली म्हणून कोणी कामचुकारपणाचा ठपका ठेवला, तर हाच कागद तुमचे उत्तर असेल.

तुलनेच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण तुमच्या प्रबंधाचा कणा तोच आहे. मला तीन तुलना सुचतात. पहिली, ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांमध्येच बरोबर नेलेली मुले आणि मागे ठेवलेली मुले यांची; येथे गरिबी दोन्हींकडे असते. पण मागे राहते ते मूल ज्याच्या घरी धडधाकट आजी आहे किंवा ज्याच्या गावात हंगामी वसतिगृह आहे, म्हणून आजी-आजोबा घरात आहेत का आणि वसतिगृह आहे का, या दोन्ही गोष्टींची नोंद घेणे अटळ आहे. दुसरी, एकाच घरातील भावंडांची : थोरली धाकट्याला सांभाळायला फडावर गेली आणि मधला गावात राहिला, अशी घरे तुम्हाला पुष्कळ भेटतील. येथे आई-बाप, जमीन, कर्ज सगळे एकच असते. मुलींनाच नेण्याचे प्रमाण अधिक आहे का, हेही या तुलनेत आपोआप उघड होईल, आणि माझ्या मते तुमच्या अभ्यासातील सर्वांत बोलके प्रकरण तेच ठरेल. तिसरी तुलना त्याच मुलाची स्वतःशी : जून ते सप्टेंबर आणि नंतर एप्रिल. जे मूल दसऱ्याआधी परिच्छेद वाचत होते ते परत आल्यावर शब्दांवर अडखळते का? ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांची वाचनचाचणी वापरतात. ती पाच-सात मिनिटांत होते आणि ती मुलाच्या घरी घेतली जाते. शाळेत घेतली तर फक्त त्या दिवशी हजर असलेलीच मुले सापडतील, म्हणून ती पाहणी घरोघर जाते. तुम्हाला तीच शिस्त उपयोगी पडेल.

शाळेची हजेरी जरूर पाहा, मात्र ती पुरावा म्हणून घेताना ती कशासाठी ठेवली जाते हे विसरू नका. पटावर शिक्षकांची पदे अवलंबून असतात, त्यामुळे मूल गावाला गेले म्हणून त्याचे नाव कमी करण्याची घाई कोणतीच शाळा करीत नाही. आणि नाव राहिले तर मुलाला परत आल्यावर वर्गात बसता येते, हा त्यातला चांगुलपणाही आहे. हजेरीच्या शेजारी शालेय पोषण आहाराची नोंद, शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून मिळणारे) दिले होते का याची नोंद आणि मुलाचे स्वतःचे सांगणे, हे सारे ठेवा. जेथे या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, तेथे रागावण्यापेक्षा त्या का जुळत नाहीत हे लिहा.

आता त्या २७ पालकांकडे वळू. ते खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. हातात फाइल घेतलेली शिकलेली मुलगी दारात येऊन ‘तुमची मुले नियमित शाळेत जातात का?’ असे विचारते, तेव्हा समोरच्या माणसाला एक तर योजना दिसते किंवा कारवाई दिसते. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत पाठवले पाहिजे असा कायदा आहे, हे त्यांनी ऐकलेले असते. ‘नियमित’ या शब्दाचा अर्थही प्रत्येकाने आपापला लावलेला असतो; गावात असेपर्यंत रोज जाते, म्हणजे नियमितच. म्हणून मत विचारू नका, घडलेली गोष्ट विचारा, आणि ती एका ठरावीक दिवसाची विचारा. ‘मागच्या सोमवारी थोरली पोरगी सकाळी कुठं होती?’, ‘मागच्या संक्रांतीला तुमच्यासंगं कोण कोण होतं?’, ‘परत आल्यावर धाकटा कोणत्या दिवशी शाळेत गेला?’ या प्रश्नांना ‘हो’ असे उत्तर देताच येत नाही. तारखा कोणाच्या लक्षात राहत नाहीत, सण राहतात. पोळा, दसरा, दिवाळी, संक्रांत, महाशिवरात्र, पाडवा अशी एक आडवी पट्टी कागदावर आखा आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे, त्या सणाला ते कुठे होते, हे भरत जा. गावचा उरूस किंवा जत्रा असेल तर तीही घाला. या एका पट्टीवर वर्षभराच्या हालचालीची जी माहिती मिळेल, ती तुमच्या ६२ प्रश्नांतून मिळणार नाही. त्या ६२ पैकी निम्मे प्रश्न आजच काढून टाका. दिवसभर रानात राबून आलेल्या बाईला दोन तास बसवून ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही, आणि चाळिसाव्या प्रश्नानंतर मिळणारी उत्तरे लवकर सुटका व्हावी म्हणून दिलेली असतात. प्रश्न बोलीत विचारा आणि उत्तरही बोलीतच लिहून घ्या. ‘लेकराला करमत नव्हतं म्हणून संगं नेलं’ या वाक्याचे ‘पाल्यास भावनिक कारणास्तव सोबत नेण्यात आले’ असे भाषांतर करून ठेवले, तर सहा महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाच त्यातून काही कळणार नाही.

मामांच्या मदतीबद्दल तुम्ही विचारले, याचे मला विशेष वाटले, कारण हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. मुकादम आणि कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) यांच्यामध्ये उचलीचा व्यवहार असतो. मामा स्वभावाने कितीही भले असले, तरी ते ओट्यावर बसलेले असताना कोणी ‘उचल फिटली नाही म्हणून पोरीलाही कामाला लावलं’ असे सांगणार नाही. शिवाय ते ज्या घरांत नेतील ती त्यांच्याशी बरे संबंध असलेली घरे असतील. ज्यांचे भांडण झाले, जे टोळी सोडून गेले, त्यांच्या दारात ते तुम्हाला नेणार नाहीत. त्यांच्याकडून टोळीची रचना, डोकी सेंटर (मोळ्या डोक्यावरून वाहणारे) आणि गाडी सेंटर (बैलगाडीने ऊस वाहणारे) यांच्या कामातला फरक, कोणत्या महिन्यात कोणत्या कारखान्याकडे जातात, हे सगळे समजून घ्या; एक जाणकार म्हणून त्यांची स्वतंत्र मुलाखतही घ्या. घरे मात्र यादीतूनच निवडा, आणि तेथे एकट्या किंवा मैत्रिणीबरोबर जा. तुम्ही मुकादमाची भाची आहात हे लपवू नका. ते गावात कळणारच, आणि लपवलेले कळले तर विश्वास उडेल. प्रबंधाच्या पद्धतीवरील प्रकरणात हे नाते स्पष्ट लिहा आणि त्याचा उत्तरांवर काय प्रभाव पडला असेल, याचा विचारही तेथेच मांडा.

मुलाखतींसाठी सर्वेक्षणातूनच बारा-पंधरा कुटुंबे निवडा, आणि ती एकसारखी नसावीत : सगळी मुले नेणारे, एकही न नेणारे, मुलीला नेऊन मुलाला ठेवणारे, आणि या वर्षी पहिल्यांदाच न गेलेले. त्यांपैकी तीन-चार कुटुंबांच्या मागे एकदा तरी फडावर जा आणि कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, राहून पाहा. मजुरी टनावर असते, म्हणून तोडणी चालू असताना थांबवून प्रश्न विचारू नका. तुमच्या अर्ध्या तासाची किंमत त्यांना मोजावी लागते. मोळ्या बांधताना हाताखाली राहा, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करताना बरोबर जा, संध्याकाळी चूल पेटल्यावर बोला. मुलाशी बोलण्यापूर्वी आई-वडिलांची आणि त्या मुलाचीही संमती घ्या. नको म्हणण्याची मोकळीक आहे, हे त्याला त्याच्या भाषेत सांगा. प्रबंधात गावाचे व माणसांचे नाव बदलून लिहा, आणि छोट्या तांड्याच्या बाबतीत तेवढ्यानेही ओळख लपत नाही हे ध्यानात ठेवून तपशीलही जपून द्या. एखाद्या अल्पवयीन मुलीचे लग्न ठरल्याचे कानावर आले, तर संशोधकाची तटस्थता पुढे करून गप्प बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नोंदी त्याच रात्री उतरवा आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी कर्नाटकातील रामपुरा या गावाच्या अभ्यासाच्या नोंदी वर्गवारी लावून तयार केल्या होत्या. १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत त्यांच्या तिन्ही प्रती एकाच ठिकाणी जळाल्या.

विश्लेषण विकत घेऊ नका. टक्केवारी, सरासरी, दोन गटांमधील फरक आणि काय-वर्ग चाचणी (दिसणारा संबंध निव्वळ योगायोगाचा आहे का हे तपासणारी) एवढे तुम्हाला दोन महिन्यांत स्वतः शिकता येईल, आणि तुमच्या अभ्यासाला पहिल्या टप्प्यावर याहून फार काही लागणारही नाही. तोंडी परीक्षेत ‘हा तक्ता असा का आला?’ असे विचारल्यावर ज्याने तो केला त्यालाच उत्तर देता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, विसंगत उत्तरे तुम्हीच पाहिलीत तर त्यांच्यामागचे घर तुम्हाला आठवेल. बाहेरचा माणूस ती चूक समजून पुसून टाकील. याच कारणासाठी, कमी पडलेले फॉर्म मित्रांकडून भरून घ्या असे कोणी सुचवले तर ते ऐकू नका.

वेळेची काळजी वाटत असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे आहे, आणि महिला संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. म्हणजे एक पूर्ण हंगाम, जाण्याआधीपासून परत येईपर्यंत, तुम्हाला निश्चितच पाहता येईल. शीर्षक बदलण्याची गरज मला वाटत नाही. संशोधन सल्लागार समितीपुढे उद्दिष्टे मात्र नव्याने मांडा आणि जानेवारीचा बेत रद्द करण्याचे कारण तेथे सांगा. बीडमध्ये राहणाऱ्या कोणालाही ते पटवून द्यावे लागणार नाही.

गावयादीचे काम पोळ्याच्या आसपास सुरू करा, म्हणजे सणांची पट्टी आणि पहिली वाचनचाचणी दसऱ्याच्या आत उरकेल. एकदा गाड्या भरू लागल्या की कोणाला बोलायला सवड नसते. यादीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन रकाने आताच आखून घ्या : मागच्या हंगामात कुठे होते, आणि या हंगामात कुठे राहणार आहे. दुसऱ्या रकान्यातील बरीच उत्तरे ऐनवेळी बदलतील, म्हणून तो पेन्सिलने भरा आणि दिवाळीनंतर पुन्हा एकदा गावात जाऊन तपासा.